आस्कंद घेऊ का, वैद्यबाई?

गेल्या दोन महिन्यांतली पत्रं पुढ्यात घेऊन बसले तर एकच नाव पुन्हा पुन्हा समोर येत राहिलं: अश्वगंधा, म्हणजेच आपला आस्कंद. कुणी गोळी घेतंय, कुणी कॉफीत चूर्ण ढवळतंय, कुणी गमी चघळतंय. म्हणून या वेळचं सदर ताणावर घेतल्या जाणाऱ्या वनस्पतींनाच दिलं आहे. पत्रं थोडी कमी केली आहेत आणि नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी ३४ वर्षांची, पुण्यात बँकेत नोकरीला आहे. महिनाअखेर, टार्गेट, घरी चार वर्षांची मुलगी. रात्री पाच तास झोप मिळाली तरी खूप. मैत्रिणीने अश्वगंधेच्या गमी सुचवल्या. डबीवर ‘अ‍ॅडॅप्टोजेन’ लिहिलंय, ‘अश्वगंधा अर्क ३०० मिलिग्रॅम’ असंही आहे. दीड महिना रोज दोन खातेय. आधी बरं वाटलं, पण आता अधूनमधून छातीत धडधडतं. सहा वर्षांपासून थायरॉइडची गोळी चालू आहे. अ‍ॅडॅप्टोजेन म्हणजे काय? आपल्या आयुर्वेदातलं रसायन तेच का? आणि हे चालू ठेवू का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. ताई, गमी आजच बंद करा. थायरॉइडची गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, कमीही करू नका. या आठवड्यात डॉक्टरांना भेटा, गमीची डबी सोबत न्या, धडधडीबद्दल सांगा आणि टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणाऱ्या संप्रेरकाचं रक्तातलं प्रमाण, तपासून घ्या. गमी थांबवल्यावर सहा आठवड्यांनी तो पुन्हा तपासा, कारण टीएसएच स्थिरावायला तेवढा वेळ लागतो.

आता कारण. अश्वगंधा थायरॉइडला जोर देते. थायरॉइड किंचित मंद असलेल्या ५० जणांवर आपल्या देशात एक अभ्यास झाला होता. त्यात रोज ६०० मिलिग्रॅम मुळाचा अर्क आठ आठवडे दिला, तेव्हा टीएसएच उतरला आणि थायरॉइडची संप्रेरकं वाढली. तुमच्या दोन गमी म्हणजे बरोबर तेवढाच अर्क. ज्याला गोळी चालू नाही त्याला हा कदाचित फायदा वाटेल. तुम्ही बाहेरूनही संप्रेरक घेताय आणि आतूनही ते वाढवताय, मग हृदय धावणारच.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. दवाखाना सुरू करून मला सहा-सात वर्षं झाली असतील, तेव्हा एक शाळामास्तरीण आल्या होत्या. झोप नाही, चिडचिड, परीक्षेचे पेपर तपासताना हात थरथरतात अशी तक्रार. मी नाडी पाहिली, जीभ पाहिली, पोटाचं विचारलं आणि आस्कंदाचं चूर्ण दुधातून दिलं. दुसरं कोणतं औषध चालू आहे हे विचारलं नाही. पाच आठवड्यांनी त्या आल्या त्या घाबऱ्या होऊन. वजन उतरलेलं, छातीत सतत धडधड. तेव्हा कळलं की रोज सकाळी त्या थायरॉइडची गोळी घेत होत्या. ती चूक माझी होती, त्यांची नव्हे. चूर्ण थांबवलं आणि दोन महिन्यांत त्या पूर्ववत झाल्या. त्या दिवसापासून माझ्या केसपेपरवर पहिली ओळ ‘चालू औषधं’ ही असते. रुग्ण ‘काही नाही हो’ म्हणाला तरी मी पिशवी उघडून दाखवायला लावते.

आता तो डबीवरचा शब्द. अ‍ॅडॅप्टोजेन हा शब्द आपला नाही आणि फार जुनाही नाही. १९४७ मध्ये निकोलाय लाझारेव्ह या सोव्हिएत विषशास्त्रज्ञाने तो वापरात आणला. शरीराला कसल्याही ताणाला तोंड देण्याचं बळ येईल असं द्रव्य, हा त्याचा अर्थ. सैनिक, खलाशी, खेळाडू यांना थकवा येऊ नये यासाठी तिकडे शोध चालला होता. पुढे व्लादिवोस्तोकमध्ये इस्राएल ब्रेखमन यांनी सैबेरियातल्या एल्युथेरोकॉकस या काटेरी झुडपावर बरंच काम केलं. तेच आज बाजारात सैबेरियन जिनसेंग म्हणून विकतात, खऱ्या जिनसेंगशी त्याचं नातं लांबचं. १९६९ मध्ये ब्रेखमन आणि त्यांचे सहकारी दार्दिमोव्ह यांनी अ‍ॅडॅप्टोजेनच्या अटी मांडल्या : द्रव्य निरुपद्रवी असावं, कोणत्याही प्रकारच्या ताणात उपयोगी पडावं आणि बिघडलेलं शरीर दोन्ही बाजूंनी मूळ जागी आणावं, वाढलेलं खाली आणि उतरलेलं वर.

यातली पहिली अट मला सगळ्यात जास्त खुपते. निरुपद्रवी! व्याख्येतच तो शब्द बसवला की त्या नावाने विकलं जाणारं सगळंच आपोआप निरुपद्रवी ठरतं. युरोपातल्या औषध नियामक संस्थेच्या समितीने २००८ मध्ये या कल्पनेचा आढावा घेतला आणि औषधशास्त्राच्या दृष्टीने हा शब्द पुरेसा सिद्ध नाही, असं म्हटलं. तरी डब्यांवर तो आहेच.

रसायन तेच का? जवळचं आहे, तेच नाही. चरकाने रसायनाचा अर्थ सांगितला तो रसादी धातू उत्तम मिळण्याचा उपाय असा. म्हणजे खाल्लेलं अंगी लागणं, शरीराची घडण चांगली होणं. त्यासाठी आधी शोधन, म्हणजे शरीराची शुद्धी, हवं, अग्नी म्हणजे पचन नीट हवं, वय आणि प्रकृती पाहायला हवी. आणि निरुपद्रवी? त्याच संहितेच्या सूत्रस्थानात स्पष्ट म्हटलंय की नीट योजलं तर तीक्ष्ण विषही उत्तम औषध होतं आणि चुकीचं योजलं तर औषधही तीक्ष्ण विष होतं. ज्या परंपरेचं नाव डबीवर अभिमानाने छापतात, तिने झाडपाल्याला अशी सरसकट सूट कधीच दिली नव्हती.

तरीही आस्कंदाबद्दल तुमच्या मनात भीती राहू नये, कारण हे औषध मला फार प्रिय आहे. माझे वडीलही वैद्य. साताऱ्याच्या आमच्या माडीवर गोणपाटावर मुळं पसरलेली असत. चांगलं वाळलेलं मूळ वाकत नाही, कट्‌कन मोडतं आणि आत पिठूळ पांढरं दिसतं. अण्णा ते माझ्या नाकाशी धरत. ओल्या मुळाला घोड्याचा वास येतो म्हणून अश्वगंधा. तेव्हा स्टँडबाहेर टांगे उभे असत. मी मुद्दाम घोड्याजवळ जाऊन वास ताडून पाहिला होता आणि धावत येऊन अण्णांना सांगितलं होतं, खरंच तसाच आहे. ही वांगी-मिरचीच्या कुळातली वनस्पती. लॅटिन नावात ‘सोम्निफेरा’ आहे, म्हणजे झोप आणणारी.

ताणावर तिचा उपयोग होतो याला आधारही आहे. २०१२ मध्ये आपल्याकडे ६४ ताणग्रस्त माणसांवर अभ्यास झाला. निम्म्यांना मुळाचा अर्क ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असा साठ दिवस दिला आणि बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या गोळ्या. अर्क घेणाऱ्यांचा ताण लक्षणीय कमी झाला आणि रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात अधिवृक्क ग्रंथी सोडतात ते संप्रेरक, सुमारे २८ टक्क्यांनी उतरलं. पण हे अभ्यास बहुतेक दोन-तीन महिन्यांचे असतात. वर्षानुवर्षं रोज खाल्लं तर काय होतं, हे त्यांतून कळत नाही. मी स्वतः सलग तीन महिन्यांवर देत नाही.

आणखी एक फरक ध्यानात घ्या. आयुर्वेदाच्या औषधकोशात मुळाच्या चूर्णाची मात्रा दिवसाला ३ ते ६ ग्रॅम आहे. अर्क म्हणजे ढीगभर मुळातून काढलेला सत्त्वांश. तिथे ‘चिमूटभर जास्त’ हा हिशेब चालत नाही. तुम्ही डबीवरचा मजकूर उतरवून पाठवलात त्यात अर्क मुळाचा की पानांचा हेच लिहिलेलं नाही. नुसतं त्यावरूनही मी ती डबी बाजूला ठेवली असती.

थायरॉइडखेरीज कुणी स्वतःहून घेऊ नये तेही सांगून टाकते : गर्भवती, गर्भ राहावा म्हणून प्रयत्न करणाऱ्या, यकृताचा आजार असलेले, झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या चालू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले, संधिवात किंवा ल्युपससाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तरी आधी विचारा, कारण अश्वगंधा साखर आणि रक्तदाब दोन्ही खाली ओढते. आणि घेत असताना लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, अंगाला खाज सुटली किंवा अन्नावरची वासनाच गेली, तर त्याच दिवशी थांबवून यकृताची तपासणी करा. अश्वगंधेमुळे कावीळ झाल्याचे रुग्ण आइसलँड, अमेरिका आणि भारतातही नोंदले गेले आहेत. थोडे आहेत आणि बहुतेक थांबवल्यावर बरे झाले. पण आहेत.

तुमच्या पत्रात मला गमीपेक्षा ते पाच तास जास्त टोचले. चरकाने आचाररसायन सांगितलंय, म्हणजे वागण्यातलं रसायन. त्यात एक शब्द आहे, ‘समजागरणस्वप्न’ : जागणं आणि झोपणं प्रमाणात असलेला. औषध न घेताही अशा माणसाला रसायनाचं फळ मिळतं, असं त्याचं म्हणणं. बँकेचं टार्गेट मी कमी करू शकत नाही हे मला कळतं. पण तुमच्या घरी आणखी कोण आहे, मुलीला झोपवण्याची पाळी रोज तुमचीच का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आठवड्यातल्या तीन रात्री ती पाळी दुसऱ्या कुणाची तरी करा. त्या तीन रात्री दहाला दिवा बंद. झोपण्याआधी तळपायांना तीळतेल किंवा तूप लावून काशाच्या वाटीने दहा मिनिटं घासा, जमलं तर नवऱ्याकडून घासून घ्या. सहा आठवड्यांनी टीएसएचचा कागद आणि झोपेचा हिशेब, दोन्ही मला कळवा.

प्रश्न : मुलगा लातूरला नीटची तयारी करतोय, वय १७. रात्री दोनपर्यंत जागतो. फोनवर नीट बोलत नाही, मागच्या आठवड्यात रडला. परीक्षेला तीन आठवडे उरलेत. ब्राह्मीचं सिरप आणि अश्वगंधा दोन्ही पाठवू का?

दोन्ही नको. ब्राह्मी म्हणून बाजारात दोन वेगळ्या वनस्पती मिळतात, एक नीरब्राह्मी आणि दुसरी मंडूकपर्णी. नीरब्राह्मीचा स्मरणावर उपयोग दिसला तो बहुधा मोठ्या माणसांत आणि बारा आठवड्यांच्या आसपास घेतल्यावर. तीन आठवड्यांत हाती लागेल ते बिघडलेलं पोट. सिरपमध्ये साखर किती असते तेही बाटलीवर वाचून पाहा.

माई, बाटली कुरिअर करू नका, तुम्ही स्वतः जा. दोन दिवस त्याच्या खोलीवर राहा. मेसचा डबा बाजूला ठेवून गरम वरणभात आणि वर तूप वाढा. पेपरबद्दल एक अक्षर काढू नका. तो रडला हे त्याने तुम्हाला कळू दिलं, याला मी फार मोल देते. आता त्याला सरळ विचारा : जीव नकोसा होतो का कधी? असं विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट मुलाला बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं किंवा त्याने नजर चुकवली, तर त्याला एकटं ठेवू नका आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. सरकारची टेली-मानस ही मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते, मराठीतही बोलतात. पैसे लागत नाहीत. हा क्रमांक त्याच्या मोबाइलमध्ये तुमच्या हाताने टाकून द्या.

प्रश्न : मी एसटीतून निवृत्त चालक, सांगली जिल्हा. कोरोनापासून रोज सकाळी गुळवेलीचा काढा घेतो, एक दिवस चुकलेला नाही. वेल घरामागेच आहे. प्रतिकारशक्ती आणि ताण दोन्हीला चांगलं ना?

दादा, इतक्या वर्षांची तुमची शिस्त मोठी आहे, पण ती या काढ्यावर खर्च करू नका. गुळवेल हे ज्वरावरचं, आमावरचं (न पचलेलं अंगात साठतं त्यावरचं) आमचं हातखंडा औषध, आणि मेध्य, म्हणजे बुद्धीला पोषक, रसायनांतही चरकाने तिचा रस सांगितलाय. पण रोज, वर्षानुवर्षं, आजार नसताना असं नाही. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाने त्यावर म्हटलं की खऱ्या गुळवेलीऐवजी तिच्या जातीतली दुसरी वेल वापरली गेली असण्याची शक्यता आहे. वाद कसाही असो, दोन्ही बाजूंकडून तुमच्यासाठी निघणारा सल्ला एकच : काढा थांबवा, यकृताची रक्ततपासणी करा आणि वेलीचा पानासकट तुकडा जवळच्या आयुर्वेद महाविद्यालयाच्या द्रव्यगुण, म्हणजे औषधी वनस्पतींच्या, विभागात नेऊन दाखवा. वेल तोडू नका. ताप आला की ती कामाला येईल.

प्रश्न : मी कीर्तन करतो. आवाजासाठी आणि थकव्यासाठी ज्येष्ठमध सतत तोंडात असतो. अलीकडे रक्तदाब १६० च्या वर जातोय आणि पायात गोळे येतात.

महाराज, आधी ज्येष्ठमध थांबवा. तो गोड लागतो ते ज्या घटकामुळे, त्यानेच अंगात मीठपाणी साठतं, रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम घटतं. पायात गोळे येण्याचं कारण ते असू शकतं. उद्याच डॉक्टरांकडे जाऊन पोटॅशियम तपासा, दुर्लक्ष करू नका, कारण पोटॅशियम फार उतरलं तर हृदयाचा ठेका बिघडतो. घशासाठी कोमट पाणी आणि खडीसाखर पुरे. कीर्तनाच्या आधी तासभर मौन पाळता आलं तर आणखी चांगलं.

प्रश्न : बीडमध्ये दोन एकर हलकी जमीन आहे. अश्वगंधा लावावी म्हणतो. मुळं विकायची आणि पानं चहावाल्या कंपनीला द्यायची, असं एकाने सुचवलंय.

हलकी, निचऱ्याची जमीन तिला मानवते, पाणी साचलं तर मूळ कुजतं. पेरल्यापासून पाच-सहा महिन्यांनी फळं लाल होऊन पानं वाळायला लागली की उपटतात. देशातली मोठी बाजारपेठ मध्य प्रदेशात नीमचला आहे, तिथे मुळाच्या लांबी-जाडीवरून प्रती लावतात आणि भाव त्यावर ठरतो. पेरणीआधी एकदा नीमचला जाऊन लिलाव डोळ्यांनी पाहून या. खर्च गाडीभाड्याचा, वाचेल एक हंगाम.

पानांचा विचार मात्र सोडा. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाने औषध उत्पादकांना पानं वापरू नका असं सांगितलं. ग्रंथांनी पोटात घ्यायला मूळच सांगितलं आहे आणि पानांच्या सुरक्षिततेबद्दल पुरेसा आधार नाही. पानं स्वस्त पडतात म्हणून अर्कात मिसळली जातात, हे दुखणं जुनं आहे. तुमच्या शेतातून तरी ती जाऊ नयेत.

प्रश्न : लेक कोपनहेगनला असते. हिवाळ्यात दुपारीच अंधार पडतो, कामाचा ताण, तिथे कुणी आपलं नाही. आस्कंद घातलेले डिंकाचे लाडू आणि चूर्ण पाठवणार होते, तर म्हणाली, ‘आई, इथे त्यावर बंदी आहे.’ आपल्या आयुर्वेदाचा हा अपमान नाही का? (लग्नाला दोन वर्षं झाली, आता बाळाचा विचार चाललाय.)

लेक बरोबर सांगतेय. डेन्मार्कने २०२३ मध्ये अश्वगंधेवर बंदी घातली. तिथल्या तांत्रिक विद्यापीठाने २०२० मध्ये अहवाल दिला होता, त्यात थायरॉइड, लैंगिक संप्रेरकं आणि गर्भपाताची शक्यता यांबद्दल शंका होत्या. मला ती बंदी सरसकट वाटते. वैद्याने पारखून दिलेलं मूळ आणि दुकानाच्या फळीवरची गोळी यांत त्यांनी फरक केला नाही. पण अपमान म्हणाल तर तो मला वाटत नाही. चूर्णाची डबी किराण्यासारखी विकायला आधी आपणच काढली.

आणि ताई, कंसात जे लिहिलंत ते खरं तर सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. बाळाचा विचार चालला असेल तर बंदी असो-नसो, आस्कंद तिला नकोच. मीही दिला नसता. बाळंतपणानंतरचं तेव्हा पाहू. अंधारासाठी तिथल्या डॉक्टरांकडून ड जीवनसत्त्व तपासून घ्यायला सांगा आणि जेवणाच्या सुट्टीत, उजेड असेल तेवढा वेळ, बाहेर चालायला सांगा.

तयार लाडूही पाठवू नका. त्यात तूप असतं आणि दुधाचे पदार्थ बाहेरून टपालाने आणायला युरोपीय संघात मनाई आहे. पार्सल अडेल. त्यापेक्षा रविवारी व्हिडिओ कॉल लावा आणि तिच्या स्वयंपाकघरात तिच्याच हातून करवून घ्या. लोणी तिथलं फार उत्तम असतं. बिनमिठाचं आणायला सांगा, मंद आचेवर कढवायचं, बेरी बदामी झाली की उतरवायचं. खारीक आणि सुकं खोबरं तिथल्या भारतीय दुकानात मिळालं तर पाहा. डिंक मात्र बारीक कुटूनच घ्यायला लावा. अख्खा खडा तुपात टाकला तर बाहेरून फुलतो, आतून कच्चा राहतो आणि दाताला चिकटतो. ती पहिल्यांदा करतेय, तेव्हा गुळाचा पाक पक्का होऊ देऊ नका, गूळ नुसता विरघळला की गॅस बंद करायला सांगा.